म्हादईचं भांडण कणकुंबीच्या चढावरच का सुरू होतं

म्हादई म्हटलं की टीव्हीवर लगेच गोवा विरुद्ध कर्नाटक सुरू होतं, पण नदी निघते कुठून तर कर्नाटकातल्या आपल्या बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातून, भीमगडच्या जंगलात देगाव आहे ना, तिथून. मग गवाळी, वज्रपोहा धबधबा करत खाली गोव्याच्या सत्तरी तालुक्यात उतरते, पुढे तिचीच मांडवी होते आणि पणजीजवळ समुद्राला मिळते. खोरं २०३२ चौरस किमीचं, त्यातलं १५८० गोव्यात, ३७५ आपल्याकडे कर्नाटकात, ७७ महाराष्ट्रात.

आता खरी गंमत खानापूर तालुक्यातल्याच कणकुंबी गावाची. माउलीच्या देवळाजवळ मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला जाते, सौंदत्तीच्या धरणातून कूडलसंगमला कृष्णेत, म्हणजे शेवटी बंगालच्या उपसागरात. आणि त्याच गावातला कळसा नाला पश्चिमेला म्हादईकडे. एकाच ढगाचं पाणी, चढाच्या या अंगाला पडलं तर हुबळीच्या नळाला, त्या अंगाला पडलं तर गोव्याला! कुणाच्याही मनात येणारच की मधे थोडं खोदलं की झालं, उतार तर जवळच आहे.

ते मनात यायला कारण होतं मलप्रभेचं धरण, जे बऱ्याच वर्षी भरतच नाही. १९८० मधे त्या धरणाखालच्या नरगुंद-नवलगुंदच्या शेतकऱ्यांचं मोठं आंदोलन झालं, गोळीबार झाला, तेव्हापासून कळसा-भांडुरा, म्हणजे या दोन नाल्यांचं पाणी मलप्रभेत वळवायची योजना, हा तिकडचा निवडणुकीचा मुद्दा होऊन बसला. २००२ ला केंद्राने आधी तत्त्वतः हो म्हटलं, गोव्याने ओरड केल्यावर त्याच वर्षी ते थांबवलं. २००६ ला कणकुंबीत खोदाई सुरू. २०१० ला पाणीवाटपासाठी लवाद नेमला, निकाल २०१८ च्या ऑगस्टमधे: कर्नाटकला १३.४२ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी), पण त्यातलं ८.०२ विजेसाठी, मलप्रभेत वळवायला फक्त ३.९ (कळसा १.७२, भांडुरा २.१८). लोक १३ चा आकडा ऐकून भांडतात, भांडण खरं ३.९ चं आहे.

गोव्याची भीती मला खोटी वाटत नाही. वरून गोडं पाणी कमी आलं की खाडीचं खारं पाणी आत चढतं, आणि उन्हाळ्यात नदी जिवंत राहते ती या सदाहरित जंगलामुळे, पावसाळ्यात मुरलेलं पाणी ते सावकाश सोडतं म्हणून. भीमगड २०११ ला अभयारण्य झालं, १९० चौरस किमीचं, आणि कालवा जायचा तो याच जंगलपट्ट्यातून. डिसेंबर २०२२ ला केंद्रीय जल आयोगाने योजनेचा डीपीआर (सविस्तर प्रकल्प अहवाल) मंजूर केला तेव्हा बेळगावात फटाके वाजले, पण जंगलाच्या आणि वन्यजीवांच्या परवानग्या वेगळ्या, आणि लवादाच्या निकालावर तिन्ही राज्यं सुप्रीम कोर्टात गेलेली. या सगळ्यात पाणी जिथं पडतं त्या खानापूरच्या गावांना कुणी विचारल्याचं मी तरी ऐकलं नाही.