सिंगल माल्ट की ब्लेंडेड? भेटीची बाटली घेण्याआधी

कुणाची साठी असो, बढती असो की नव्या घराची पार्टी, वाइन शॉपच्या काउंटरवर एक वाक्य हमखास ऐकू येतं: "सिंगल माल्ट दाखवा, गिफ्ट द्यायचीये." बोलणाऱ्याच्या मनात हिशोब पक्का असतो. सिंगल माल्ट व्हिस्की म्हणजे अस्सल माल, आणि ब्लेंडेड म्हणजे कशात तरी काहीतरी मिसळलेलं. या हिशोबापायी पैसे जास्त जातात आणि कित्येकदा बाटली चुकीच्या माणसाच्या हाती पडते.

आधी सिंगल माल्ट. स्कॉच, म्हणजे स्कॉटलंडची व्हिस्की, कशाला म्हणायचं हे 2009 सालच्या ब्रिटिश नियमांनी बांधून दिलंय. सिंगल माल्ट स्कॉच म्हणजे एकाच डिस्टिलरीत, फक्त मोड आणून वाळवलेल्या बार्लीपासून (हाच माल्ट), पॉट स्टिल नावाच्या तांब्याच्या भट्टीत एकेक घाणा करून काढलेली आणि ओकच्या पिंपात किमान तीन वर्षं मुरलेली व्हिस्की. ती बाटलीतही स्कॉटलंडमध्येच भरावी लागते. इथे 'सिंगल' आहे ती डिस्टिलरी, पिंप नव्हे. एका सिंगल माल्टच्या बाटलीत शेकडो पिंपांमधला माल एकत्र केलेला असू शकतो. ग्लेनफिडिक 15 हे त्याचं सरळ उदाहरण. वेगवेगळ्या प्रकारच्या पिंपांत मुरलेली व्हिस्की तिथे एका मोठ्या लाकडी टाकीत ओततात आणि ती टाकी निम्म्याच्या खाली कधी जाऊ देत नाहीत. म्हणजे मिसळ-मिसळी सिंगल माल्टमध्येही आहेच. खरोखर एकाच पिंपातली हवी असेल तर लेबलवर 'सिंगल कास्क' किंवा 'सिंगल बॅरल' शोधायचं, आणि त्याची किंमत बघून एकदा खाली बसायचं.

ब्लेंडेड स्कॉचमध्ये अशा माल्टसोबत ग्रेन व्हिस्की असते. ती गहू किंवा मक्यापासून, उंच कॉलम स्टिलमध्ये अखंड चालणाऱ्या प्रक्रियेतून निघते. चवीला हलकी, सौम्य, आणि बनवायला स्वस्त. बहुतेक ब्लेंडमध्ये निम्म्याहून जास्त वाटा हिचाच असतो. ही काही फसवणूक नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून स्कॉच जगभर पसरली ती ब्लेंडच्या जोरावर. सुट्ट्या माल्टची चव दर घाण्याला इकडेतिकडे व्हायची, ब्लेंडची मात्र दरवर्षी तीच. ती तशी राखणं हे मास्टर ब्लेंडरचं काम, आणि ते काम घरचा गोडा मसाला वर्षानुवर्षं त्याच चवीचा करणाऱ्या हाताइतकंच अवघड आहे.

एकाच घराण्याच्या बाटल्या शेजारी ठेवल्या की फरक लगेच डोळ्यांत भरतो. विल्यम ग्रँट अँड सन्स ही स्कॉटलंडमधली कुटुंबाच्या मालकीची कंपनी. तिची ग्लेनफिडिक डफटाउन गावची, सिंगल माल्ट. तिचीच ग्रँट्स ही ब्लेंडेड. 1963 साली या कंपनीने ग्लेनफिडिक सिंगल माल्ट म्हणून स्कॉटलंडबाहेर विकायला सुरुवात केली. त्याच वर्षी गिरव्हन इथे ग्रेन व्हिस्कीसाठी वेगळी डिस्टिलरीही उभी केली. दोन्ही धंदे एकाच वेळी, एकाच मालकाचे. बाटल्याही दोन्हींच्या तिकोनी.

आता तिसरी बाटली, आणि खरा घोटाळा इथेच होतो. मंकी शोल्डर याच कंपनीची. खांद्यावर धातूची तीन माकडं बसवलेली, दिसायला झोकदार. समोरच्या लेबलवर 'माल्ट' आणि 'स्कॉच' हे शब्द ठळक आहेत, त्यामुळे घाईत ती सिंगल माल्ट समजून उचलली जाते. नीट वाचलंत तर छापलंय 'ब्लेंडेड माल्ट'. म्हणजे ग्रेन अजिबात नाही, सगळा माल्टच, पण एकापेक्षा जास्त डिस्टिलऱ्यांचा. जॉनी वॉकर ग्रीन लेबल याच जातीची, 15 वर्षांची. पूर्वी या प्रकाराला 'व्हॅटेड माल्ट' किंवा 'प्युअर माल्ट' म्हणत. 2003 मध्ये डियाजिओ कंपनीने कार्डू ही नावाजलेली सिंगल माल्ट, मागणी पुरेना म्हणून, 'प्युअर माल्ट' करून टाकली. नाव तेच, बाटली जवळपास तशीच, आत मात्र इतर डिस्टिलऱ्यांचा माल. बाकीच्या उत्पादकांनी असा गदारोळ केला की कंपनीला माघार घ्यावी लागली. पुढे 2009 च्या नियमांनी 'प्युअर माल्ट' हे शब्द लेबलवरून हद्दपारच केले. व्हिस्कीवाले स्वतः या शब्दांवरून भांडले, तिथे काउंटरवर आपली गफलत झाली तर नवल नाही.

वयाचंही तसंच. लेबलवरचा '12' म्हणजे आतल्या सर्वांत तरुण व्हिस्कीचं वय, मग ती सिंगल माल्ट असो वा ब्लेंड. शिवास रीगल 12 मधला ग्रेनसुद्धा किमान 12 वर्षांचा असतो. आणि जॉनी वॉकर ब्लू लेबल, जी बघून लग्नाच्या हॉलमध्ये माना वळतात, ती ब्लेंडेड आहे आणि तिच्यावर वय छापलेलंच नाही. कितीतरी सिंगल माल्टपेक्षा ती महाग आहे. दर्जाची शिडी मानायची तर ती इथेच मोडली. एक जाता जाता: व्हिस्की बाटलीत मुरत नाही. काकांनी शोकेसमध्ये वीस वर्षं जपलेली 12 वर्षांची बाटली आजही 12 वर्षांचीच आहे.

मग द्यायची कुठली? माणूस कसा पितो ते आठवा. मोठा पेग, काठोकाठ सोडा, मूठभर बर्फ, शेजारी मसाला शेंगदाणे आणि गप्पा, अशी बैठक असेल तर चांगली ब्लेंडेड द्या. सोड्यात तिचा तोल टिकतो, आणि चार मित्रांत ती मोकळ्या हाताने ओतलीही जाते. अशा घरी महागडी सिंगल माल्ट गेली की दोनच गोष्टी होतात. एक तर ती सोड्यात बुडते, नाहीतर 'खास प्रसंगा'साठी कपाटात जाते आणि तो प्रसंग काही येत नाही. उलट सोडा-बर्फाशिवाय थोडीशीच घेऊन, चार थेंब पाणी घालून, ग्लास नाकाशी नेत तासभर बसणारा माणूस असेल तर सिंगल माल्टचे पैसे वसूल आहेत. ब्लेंडेड माल्ट मधली जागा सांभाळते. पिण्याची पद्धतच माहीत नसेल तेव्हा मी तीच सुचवतो.

सिंगल माल्टमध्ये एक धोका मात्र ओळखून असा: धूर. आयला बेटावरच्या लॅफ्रोएग, लागाव्हुलिन, आर्डबेग यांची बार्ली पीटच्या धुरावर वाळवतात. पीट म्हणजे दलदलीत शतकानुशतकं साचून राहिलेला वनस्पतींचा थर. पहिल्यांदा वास घेणाऱ्याला आयोडीन लावलेल्या बँडेजची आठवण होते. ज्याला आवडतं त्याचा जीव त्यात अडकतो, पण अनोळखी जिभेला ही भेट देऊ नये. ग्लेनलिव्हेट, ग्लेनफिडिक, बालव्हेनी यांच्या नेहमीच्या बाटल्यांत ही भीती नाही.

भारतीय सिंगल माल्ट द्यायला आता संकोच करू नका. बंगळुरूची अमृत 2004 मध्ये आधी ग्लासगोत विकायला गेली, पॉल जॉन गोव्यातल्या कुंकळ्ळीची. यांच्यावर बहुधा वय नसतं, कारण आपल्या उन्हात पिंपातून दरवर्षी जवळजवळ दहा टक्के व्हिस्की उडून जाते, जिथे स्कॉटलंडमध्ये दोनेक टक्के जाते. इथे ती लवकर मुरते आणि लवकर संपते. तेव्हा वय नाही म्हणून नाक मुरडू नका. सावध राहायचं ते 'स्कॉच माल्टसह' असं ठसठशीत छापलेल्या देशी व्हिस्कीच्या बाबतीत. तिच्यात थोडा आयात माल्ट आणि बाकी इथलं स्पिरिट असतं. ती ब्लेंडेड आहे, पण ब्लेंडेड स्कॉच नव्हे. मात्र 'बॉटल्ड इन इंडिया' लिहिलेली ब्लेंडेड स्कॉच खरी स्कॉचच असते. मुरलेला माल तिकडून मोठ्या प्रमाणात येतो, फक्त बाटलीत इथे भरतात.

महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी 25 वर्षं पूर्ण हवीत आणि परवाना हवा. गोव्यात स्वस्त पडते म्हणून डिकीत टाकून आणणार असाल तर ती महाराष्ट्रात आणता येते का हे आधी उत्पादन शुल्क खात्याला विचारा, इन्सुलीच्या नाक्यावर गाड्या तपासतात. एमआरपी बाटलीवरच छापलेली असते, त्यामुळे किंमत लपवायच्या फंदात पडू नका. बिल तेवढं खोक्यातून काढून स्वतःच्या खिशात ठेवा.