बॉडीकॉन ड्रेस: घट्टपणा आधी शिवणीत होता, मग कापडात आला

बॉडीकॉन, म्हणजे अंगाला चिकटून बसणारा ड्रेस घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न पोटाचा, दिसेल का म्हणून. खरं तर आधी कापड बघायला हवं, आणि ते का हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

पूर्वी युरोपात आकार ड्रेसचा नसायचाच, आतल्या कॉर्सेटचा, म्हणजे कंबर आवळणाऱ्या ताठ आतल्या कपड्याचा असायचा. मग १९२०-३० च्या दशकांत पॅरिसच्या डिझायनर मादलेन व्हिओनेने अख्खे ड्रेस उरेब कापून गाजवले, म्हणजे आपला टेलर गळ्याला उरेब पट्टी लावतो ना, तेच तंत्र गळ्यापासून पायापर्यंत. तिरकं कापलेलं कापड जरा ताणतं आणि अंगाबरोबर बसतं, पण ते नुसतं ओघळतं, शरीराला धरून ठेवत नाही.

ते धरून ठेवायचं काम लायक्रा या ताणून परत मूळ आकारात येणाऱ्या धाग्याने केलं. १९५८ मध्ये अमेरिकेत ड्युपाँट कंपनीच्या जोसेफ शिव्हर्सने हा धागा बनवला, कशासाठी तर पोट-कंबर आवळायला आतून घालायच्या गर्डलमधल्या रबराला पर्याय म्हणून! म्हणजे कॉर्सेटचं काम हळूहळू धाग्यातच शिरलं.

आपल्याकडे १९६८ च्या 'ब्रह्मचारी'मधली मुमताजची ती केशरी साडी आठवा, ती कोल्हापूरच्या वेशभूषाकार भानू अथैया यांची. इतकी चोपून बसलेली साडी नाचताना सुटत कशी नाही, तर ती नेसलेली नव्हतीच, शिवलेली होती, चेन लावून. सगळी करामत शिवणीची, आणि माझ्या मते ती पुढच्या कित्येक ड्रेसना भारी पडते.

८० च्या दशकात डिझायनर अझदीन अलाया आला, ट्युनिसमध्ये शिल्पकला शिकलेला, त्यामुळे शिवण कुठून फिरवली की कंबर कशी दिसते हे त्याला बरोबर कळायचं, लोक त्याला किंग ऑफ क्लिंगच (अंगाला चिकटणाऱ्या कपड्यांचा राजा) म्हणायचे. मग डिझायनर एर्वे लेजेचा बँडेज ड्रेस. विणलेल्या अरुंद पट्ट्या एकाला एक आडव्या जोडलेल्या, बराचसा रेयॉन, थोडं नायलॉन आणि जरासं स्पँडेक्स (म्हणजे लायक्राच), त्यामुळे तो जाड आणि हातात घेतला तर चक्क जड लागतो, आणि म्हणूनच आतलं सगळं दाबून धरतो. १९९८ मध्ये त्याची कंपनी मॅक्स अझ्रियाच्या बीसीबीजी या फॅशन कंपनीकडे गेली आणि बिचाऱ्या लेजेला स्वतःच्या ब्रँडचं नावही वापरता येईना, २००७ नंतर तोच ड्रेस परत हिट झाला तो दुसऱ्यांच्या हातून.

आता बाजारात स्वस्तात मिळतो तो बहुतेक पातळ पॉलिस्टर जर्सीचा, म्हणजे टी-शर्टसारख्या विणीच्या कापडाचा असतो, दिसायला तसाच पण धरत काहीच नाही, उलट आतल्या कपड्याची शिवणन्‌शिवण वर दाखवतो. तो घ्यायचाच तर आत सीमलेस, म्हणजे बिनशिवणीचं, त्वचेच्या रंगाचं घाला, आणि बारीक दिसायला म्हणून एक साइज लहान अजिबात घेऊ नका, कापड ताणून अजून पारदर्शक होतं आणि चालताना वर सरकतं ते वेगळंच. ट्रायलरूममध्ये नुसतं उभं राहून बघू नका, बसून बघा. जाड विणीचा असेल तर हँगरला लटकवायचा नाही, स्वतःच्याच वजनाने लांबतो, घडी घालून ठेवा.