गच्चीवरची भाजी आणि २०१७ चा तो निर्णय

ओला कचरा घरीच जिरवून त्यात भाजी लावायची ही गोष्ट मुंबईत पालिकेनी २०१७ मधे मोठ्या सोसायट्यांना दिलेल्या नोटिशीतून आलेली नाही, त्याच्या बरीच आधी लोकं हे करत होती. पाला, शेण थरावर थर लावून खत करायची पद्धत १९२० च्या दशकात इंदूरला नीट बसवली गेली, पण ती शेतासाठी. गच्चीवर माती चढवायची म्हटलं की स्लॅबवर वजन येणार, गळती होणार, म्हणून सोसायटीची कमिटी नाही म्हणायची. हा प्रश्न सुटला तो उसाच्या हलक्या चिपाडानी. रसवाल्याकडची चिपाडं ड्रममधे नाहीतर जाड पिशवीत भरायची, मधे किचनमधली सालं, देठं, चहाचा चोथा, वर थोडीशी माती, झालं. नव्वदच्या दशकात वांद्र्यात असे प्रयोग झाले आणि पुढे २००२ च्या सुमारास डॉकमधल्या कामगारांच्या किचनच्या गच्चीवर तिथल्याच कचऱ्यावर भाज्या आणि फळझाडं उभी राहिली.

मग आलं २०१६. जानेवारीत देवनारच्या डम्पिंगला, म्हणजे मुंबईचा कचरा जिथे टाकतात तिथे, मोठी आग लागली, त्या धुराबद्दल इथे कुणाला सांगायला नको. एप्रिलमधे केंद्राचे नवे घनकचरा नियम आले, आणि २०१७ मधे पालिकेनी सांगून टाकलं की २० हजार चौरस मीटरच्या वरच्या किंवा दिवसाला १०० किलोच्या वर कचरा करणाऱ्या सोसायट्यांचा ओला कचरा २ ऑक्टोबरपासून उचलणार नाही.

यावर जे भांडण झालं ते अजून पूर्ण मिटलेलं नाही. सोसायट्या म्हणाल्या आम्ही टॅक्स भरतो, जागा नाही, आणि हे पालिकेचं काम आहे. लेखी हमी देणाऱ्यांना मुदतवाढ मिळत गेली. माझ्या मते निर्णय बरोबरच होता, शंभर किलो ओलं रोज देवनारला का पाठवायचं? पण त्यात फक्त 'जिरवा' एवढंच होतं, जिरवून झालेल्या खताचं काय करायचं हे कुठे नव्हतंच, आणि गच्चीवर वर्षानुवर्षं भाजी लावणाऱ्यांना कुणी विचारलंही नाही. मग आल्या २४ तासात खत करतो म्हणणाऱ्या मशीन. त्या कचरा बारीक करून, तापवून वाळवतात, म्हणजे बाहेर पडतं ते बरंचसं वाळलेलं अन्न, ते कुजायचं अजून बाकीच असतं. तेच थेट कुंडीत टाकलं की पाणी लागताच वास, बुरशी, आणि रोपांची मुळं जळणार. ते पाल्यात मिसळून काही आठवडे मुरू द्यावं लागतं. हे नीट न सांगितल्यामुळे किती सोसायट्यांत 'खतानी झाडं मेली' म्हणून बागच बंद झाली, याचं खरंच वाईट वाटतं.

लॉकडाऊनमधे २०२० ला बाल्कनीत मेथी, कोथिंबीर, मिरची सगळ्यांनीच लावली, ती लाट ओसरली पण घरात कंपोस्टचा डबा ठेवणारे बरेच टिकले. त्यांची अडचण आता वेगळीच आहे, सुका पाला मिळत नाही. ओल्यात तो भरपूर मिसळला नाही तर डब्यात पाणी सुटतं, अळ्या होतात, आणि सोसायटीच्या आवारातला पाला मात्र सकाळी झाडून गोणीत भरून गाडीत जातो. काही ठिकाणी आता तो गेटपाशी जाळीच्या पिंजऱ्यात साठवतात, ज्याला लागेल तो घेऊन जातो.