हाफ बॉल म्हणजे नेमका किती? पूलमधल्या नेमाची पार्श्वभूमी

ठाणे-नवी मुंबईच्या पूल पार्लरांत नवख्याच्या कानावर पडणारा पहिला सल्ला बहुधा ‘हाफ बॉल घे’ हाच असतो. वाशी असो की घोडबंदर रोड, सांगणाऱ्याचा हात बरेचदा स्नूकरवर बसलेला असतो. शब्द मात्र स्नूकरहून जुना, इंग्लिश बिलियर्ड्सचा आहे; आणि तिथे त्याचा रोख भलत्याच बॉलवर होता.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात क्यूला, म्हणजे मारायच्या काठीला, चामड्याची टिप बसली, चॉक आला, ज्याला क्यू लावतात त्या पांढऱ्या बॉलला फिरक देता येऊ लागली. १८३५ मध्ये त्याचं गणित फ्रेंच ग्रंथात मांडलं गेलं. १८७५ च्या सुमारास जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये स्नूकर जन्मलं. १९५८ मध्ये भारताला मिळालेलं जागतिक विजेतेपदही बिलियर्ड्सचं होतं. पूलची टेबलं आपल्याकडे रुळली ती बऱ्याच नंतर, आणि शिकवण्याची भाषा त्यांना आयती मिळाली.

घोळ तिथूनच आहे. बिलियर्ड्समध्ये इन-ऑफचेही गुण मिळतात, म्हणजे समोरच्याला लागून आपलाच बॉल पॉकेटमध्ये जायला हवा. अर्ध्या जाडीने (मागून पाहता समोरच्याचा अर्धा भाग झाकेल असा) लागलेला, गडगडत आलेला बॉल मूळ रेषेपासून साधारण ३३-३४ अंश वळतो, आणि जाडी थोडी चुकली तरी हे वळण फारसं बदलत नाही. म्हणून हाफ बॉल लाडका. पूलमध्ये तोच शब्द समोरच्या बॉलच्या कटसाठी, म्हणजे तो किती तिरका सुटतो यासाठी, वापरतात: पांढऱ्याचा मध्य समोरच्याच्या कडेवर रोखला की समोरचा ३० अंशांवर सुटतो. त्यात पूलवाल्यांचा ‘३० अंशांचा नियम’ पुन्हा पांढऱ्याच्या वळणाबद्दलच बोलतो. वर तिसरा अर्थ नवख्यांचा. ३० अंशांच्या कटला दोन्ही बॉल जिथे टेकतात तो बिंदू समोरच्याच्या मध्यापासून अर्ध्या त्रिज्येवर दिसतो. ‘अर्धा’ ऐकून ते तिथेच नेम धरतात आणि प्रत्यक्षात पाऊण बॉल, म्हणजे १४.५ अंश, मारतात. बॉल जाड लागतो आणि दोष हाताला दिला जातो. टेकण्याचा बिंदू मध्यापासून जेवढा लांब, त्याच्या दुप्पट लांब नेम धरायचा, एवढंच कोणी सांगत नाही.

घोस्ट बॉलची कल्पनाही हेच दाखवते: पॉकेटच्या रेषेवर, समोरच्या बॉलला मागून चिकटलेला एक काल्पनिक बॉल, ज्याचा मध्य एका बॉलच्या व्यासाइतका, म्हणजे ५७.१५ मिलिमीटर मागे. अडचण एकच, हवेतला मध्य डोळ्याला धरता येत नाही. म्हणून अपूर्णांक आले: पाऊण १४.५, अर्धा ३०, पाव ४८.६ अंश. दोन्ही बॉल सारखे असले की झालं, स्नूकरच्या ५२.५ मिलिमीटरच्या बॉललाही हेच आकडे. पण साडेचार इंची कॉर्नर पॉकेटला तीन फुटांवरून सरळ समोरून मारताना सूट मिळते प्रत्येक बाजूला जेमतेम पावणेदोन अंशांची. दोन अपूर्णांकांमधली पंधरा-अठरा अंशांची दरी नजरेनेच भरावी लागते.

ही दरी मिटवल्याचा दावा करत अमेरिकेत १९९० च्या दशकात पिव्हट पद्धती गाजू लागल्या. पांढऱ्याचा मध्य आणि समोरच्याची कड जुळवायची, क्यू अर्धी टिप बाजूला ठेवायचा आणि फिरवून मध्यावर आणायचा. या पद्धतीने फ्रेम जिंकणारे आहेत, हे मान्य. तरी एकाच मांडणीतून २६ आणि ३४ अंश दोन्ही निघतात असं म्हटलं, की उभं राहताना डोळ्यानेच काहीतरी सुधारून घेतलंय हे उघड आहे. तिला अचूक भूमिती म्हणणं पटत नाही; शिस्त लावणारी सवय म्हणून ती चालेल.

नंतरच्या मोजमापांनी थ्रो पुढे आणला. घासण्यामुळे समोरचा बॉल कमी कट होतो; हळू मारलेल्या स्टनवर (पांढरा न गडगडता घसरत लागतो तो फटका), ३० अंशांच्या आसपास, हा फरक चार-पाच अंशांपर्यंत जातो. फॉलो किंवा ड्रॉ (पुढची किंवा मागची फिरक) दिला, जोर वाढवला की कमी होतो. बाहेरच्या बाजूची साइड, म्हणजे आडवी फिरक, थ्रोला मारते, पण मग पांढरा क्यूच्या रेषेपासून बाजूला सरकतो. पांढरा कमी सरकवणाऱ्या शाफ्टने (क्यूच्या पुढच्या भागाने) हे सरकणं आटोक्यात येतं. पार्लरच्या सामायिक क्यूवर ती सोय क्वचितच.

स्वतःची पद्धत बसवायची तर सुरुवात हाफ बॉलपासूनच बरी. कापडावर खूण करू देत नाहीत, म्हणून दोन्ही बॉलच्या जागी पातळ कागदी रिंग ठेवा. साइड न देता, एकाच जोरात दहा मारा. किती जाड गेले, किती पातळ, लिहा. सगळे जाड गेले तर नेम केसभर बाहेर सरकवा आणि तोच आपला अर्धा धरा. मग पाव आणि पाऊण. जोर बदलला की नवं पान. जुलैची नोंद जानेवारीच्या नोंदीत मिसळू नये: ओलसर कापडावर बॉल जड चालतो, आणि न पुसलेल्या बॉलवर थ्रो वाढतो.