रंगपंचमीची ओहोटी

शिवडीच्या खाडीवर पक्षी बघायला जायचं तर घड्याळाआधी तिथी बघावी. किनाऱ्यावरचं जुनं गणित आहे : तिथीची पाऊणपट केली की मुंबईच्या भरतीची वेळ साधारण हाती येते. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा माथ्यावर येतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटं. कागद-पेन्सिल न घेता एवढं जवळ जाणारं गणित ज्यांनी बसवलं, त्यांना माझा नमस्कार.

मी गेले रंगपंचमीला. पाचाची पाऊणपट पावणेचार. म्हणजे भरती पहाटे आणि मग दुपारी चारच्या सुमारास, मधली ओहोटी सकाळी दहाला.

साडेसातला पोचले तेव्हा पाणी मागे हटत होतं. शिवडीचा किनारा पूर्वेकडे तोंड करून असल्यामुळे सकाळचं ऊन थेट डोळ्यांवर येतं आणि पक्ष्यांच्या नुसत्या काळ्या आकृत्या दिसतात. म्हणून आधी पायाशी बघितलं. तिवरांची, म्हणजे खारफुटीच्या झाडांची, श्वसनमुळं पेन्सिली रोवाव्यात तशी चिखलातून वर आली होती. या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो, मुळांना तो वरून घ्यावा लागतो. एक पान जिभेला लावलं, तर खारट. तिवर जास्तीचं मीठ पानांवाटे बाहेर टाकतं.

मुळांच्या मधे निवट्या उड्या मारत होत्या. निवटी हा मासाच, पण ओल्या कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातून हवेतला प्राणवायू घेतो. कातडी सुकली की संपलं, म्हणून मधूनच कुशीवर लोळून अंग ओलं करून घेतो. शेजारी बोटभर खेकडा एक अवाढव्य नांगी वरखाली हलवत होता. ही नांगी नराचीच, मादीला बोलवायला आणि दुसऱ्या नराला हुसकवायला. खाणं मात्र उरलेल्या छोट्या नांगीने, त्यामुळे मादी दोन्ही नांग्यांनी जेवते आणि नर एकाच नांगीने.

पाणी पुरतं ओसरलं तेव्हा रोहित दूरवर पांगले होते. आपण सगळे त्यांना फ्लेमिंगो म्हणतो. या ठाणे खाडीत बहुसंख्य असतात ते छोटे रोहित, गडद चोचीचे. चोच उलटी करून पाण्यात बुडवायची, जिभेने पाणी आत ओढायचं, बाहेर ढकलायचं आणि चोचीच्या कडेच्या बारीक गाळणीत सूक्ष्म शैवाल अडकवायचं. त्या शैवालातली कॅरोटिनॉइड द्रव्यं पिसांत उतरतात आणि पक्षी गुलाबी होतो. पिल्लं करडीच असतात. खाडीला शहराचं सांडपाणी मिळतं, त्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर शैवाल पोसलं जातं. त्याच सांडपाण्यातलं बाकीचं विषही त्यांच्या पोटात जातं, याची मला खरी काळजी वाटते. २०१५ मध्ये खाडीचा काही भाग अभयारण्य झाला, २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत आला. पण पाणी काही अभयारण्याची हद्द बघून वाहत नाही.

दोननंतर खरी मजा. ऊन पाठीशी आलं आणि भरतीने पक्ष्यांना किनाऱ्याकडे रेटायला सुरुवात केली. आपल्या वसंतात इथे पाहुण्या पक्ष्यांची परतीची तयारी चाललेली असते. छोटा टिलवा मुठीत मावेल एवढा, वजन जेमतेम वीस-तीस ग्रॅम, आणि त्याला घरटं करायला आर्क्टिकच्या टुंड्रात जायचंय. त्यासाठी कातडीखाली चरबी साठवायची, तीच वाटेतली शिदोरी. चिखल उघडा असेल तेवढेच तास जेवणाचे. म्हणून ते रात्रीच्या ओहोटीलाही चरतात.

साडेतीनला एक बाकचोच तुतारी, तीही पाहुणीच, माझ्यापासून दहा-बारा पावलांवर आली. हिवाळ्यात तिची छाती पांढरी असते. आता छातीवर विटकरी पिसांचे ठिपके फुटले होते, विणीच्या पेहरावाची सुरुवात. पाणी पोटाला लागलं तरी ती चोच खुपसतच होती. मग थवा उठला, खारफुटीवरून वळला आणि तीही त्यात गेली.