नाव एकच, वॅट वेगळे

वाशीच्या किंवा ठाण्यात नौपाड्याच्या लॅपटॉपच्या दुकानात बारावीच्या निकालानंतर हा प्रसंग हमखास दिसतो. काउंटरवर दोन गेमिंग लॅपटॉप. दोन्हींत एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०६० (गेमची चित्रं तयार करणारी ग्राफिक्स चिप), १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी आणि १४४ हर्ट्झची स्क्रीन. किमतीत मात्र आठ-दहा हजारांचा फरक. मुलाचा डोळा एकावर, वडिलांचा दुसऱ्यावर, आणि विक्रेता म्हणतो, "साहेब, आत सगळं सेमच आहे." पुष्कळदा ते सेम नसतं.

लॅपटॉपसाठीचं आरटीएक्स ४०६० बाजारात आलं २०२३ साली. त्यात हिशेब करणारे ३०७२ छोटे भाग, म्हणजे कोअर, आणि स्वतःची ८ जीबी मेमरी असते, मग लॅपटॉप कोणताही असो. पण त्या चिपला वीज किती द्यायची हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. एनव्हिडियाने त्यासाठी ३५ पासून ११५ वॅटपर्यंत मोकळीक ठेवली आहे. शिवाय प्रोसेसरवर ताण नसेल तेव्हा त्याच्या वाट्याचे २५ वॅटपर्यंत ग्राफिक्सकडे वळवता येतात, म्हणून काही मॉडेलांवर १४० वॅट लिहिलेले दिसतात.

दुप्पट वॅट म्हणजे दुप्पट फ्रेम (गेममध्ये सेकंदाला दिसणारी चित्रं), असं मात्र नाही. चिप खाते ती वीज तिच्या वेगाच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग वाढवायचा तर व्होल्टेजही चढवावं लागतं. दोन्ही बरोबरीने वाढले असं धरलं, तर ढोबळ हिशेबाने १० टक्के वेगासाठी ३३ टक्के जास्त वीज लागते. उलट बाजूने पाहा: वीज निम्मी केली तरी वेग जवळपास ७९ टक्के उरतो. म्हणून पातळ, कमी वॅटचा लॅपटॉप सरसकट नाकारू नये असं माझं ठाम मत आहे. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने रोज नेरुळला कॉलेजला जाणाऱ्या मुलीच्या पाठीवरचं अर्धा-पाऊण किलो ओझं कमी झालं, तर थोडा वेग सोडणं परवडतं. फक्त पूर्ण ताकदीचे पैसे घेऊन अर्धे वॅट कुणी गळ्यात मारू नयेत.

कंपन्या वॅट कमी का ठेवतात? कारण जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होते आणि ती बाहेर काढायला जागा लागते. चिपवरून निघणाऱ्या तांब्याच्या चपट्या नळ्या भरीव नसतात. आत जवळपास निर्वात पोकळीत थोडंसं पाणी असतं. महाबळेश्वरला हवेचा दाब कमी, म्हणून पाणी शंभराच्या आधीच उकळतं. नळीत दाब त्याहून कितीतरी कमी, म्हणून ते ४०-५० अंशांनाही वाफ होतं. वाफ पंख्याकडच्या थंड टोकाला जाते, तिथे उष्णता सोडून पुन्हा पाणी होते आणि नळीच्या आतल्या जाळीतून चिपकडे परत झिरपते. नळ्या जास्त, पंख्यापुढचे धातूचे पातळ पत्रे मोठे, तेवढे जास्त वॅट झेपतात.

आणि इथेच आपली हवा आडवी येते. पंखा चिपला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. समजा १०० वॅटला चिप हवेपेक्षा ५० अंश जास्त तापते. एसीत २४ अंशांना ती ७४ वर राहील. घणसोलीच्या वरच्या मजल्यावर, मे महिन्यात, बिनएसीच्या खोलीत ३४ अंश असले की तीच ८४ वर जाते. ८५ ते ९०च्या आसपास चिप स्वतःच वेग उतरवू लागते. लॅपटॉप गादीवर ठेवला तर खालच्या जाळ्या झाकल्या जातात आणि ती वेळ आणखी लवकर येते. त्यामुळे एसीत बसून केलेल्या चाचण्यांचे आकडे आपल्या घरी जसेच्या तसे मिळतीलच असं नाही.

दुकानात डेमोचा लॅपटॉप सुरू असेल तर एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन उघडा. कमाल ग्राफिक्स पॉवर तिथे वॅटमध्ये दिलेली असते. तिथे नसेल तर चार्जर उलटा करून बारीक अक्षरं वाचा. १९.५ व्होल्ट, ११.८ अँपिअर, म्हणजे गुणाकार २३० वॅट. शेजारच्या लॅपटॉपचा चार्जर १५० वॅटचाच असेल, तर तो ग्राफिक्सला १४० वॅट देऊन वर प्रोसेसर आणि स्क्रीन चालवू शकणारच नाही. मग लॅपटॉप पालथा करा, हवा आत घेणाऱ्या आणि बाहेर टाकणाऱ्या जाळ्या दोन्हींत ताडून पाहा. गेम लावून बघणार असाल तर वीसेक मिनिटं तरी चालू द्या. पहिल्या पाच मिनिटांत तांबंच अजून तापत असतं, तोवर उष्णतेमुळे होणारी वेगाची घसरण दिसत नाही.

रॅमबद्दल एवढंच विचारा: १६ जीबीची एक पट्टी की ८-८च्या दोन? दोन असतील तर प्रोसेसरला मेमरीकडे जायला दुप्पट रुंद वाट मिळते आणि काही गेममध्ये फ्रेम वाढलेल्या दिसतात. एकच पट्टी असली आणि शेजारचा स्लॉट रिकामा असला, तर दुसरी नंतर घरीही बसवता येते. वॅटचं तसं नाही, कंपनीने घालून दिलेली मर्यादा आणि आतल्या नळ्या लॅपटॉप असेपर्यंत त्याच राहतात.