वेगळी चूल : घटस्फोटातील सामायिक घर (बेळगाव सीमाभाग)

पती-पत्नीचे नाते संपले किंवा संपत आले तरी मुलांचे राहते घर न मोडता ते आई-वडिलांनी मिळून वापरणे, ही या नोंदीतील व्यवस्था. तिचे प्रकार दोन. एकात दोघेही एकाच छपराखाली राहतात; खोल्या, चूल आणि खर्च वेगळा. दुसऱ्यात मुले घरातच असतात आणि आई-वडील पाळीपाळीने येऊन राहतात. परदेशात या दुसऱ्या प्रकाराला पक्ष्याच्या घरट्यावरून नाव पडले आहे: पिल्ले जागेवर, ये-जा मोठ्यांची. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात २००३ साली एका न्यायाधीशांनी दोन्ही पक्षांपैकी कोणी मागणी केलेली नसताना असा आदेश दिला होता.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात ‘वेगळी चूल’ हा शब्द मुळात भावांच्या वाटणीचा. पुढे सोपा, मध्ये माजघर, मागे परडे अशा लांबट कौलारू घरात भाऊ वेगळे झाले की आधी चूल वेगळी होते, भिंत पुष्कळदा नंतर येते. म्हणजे एका घरात दोन संसार ही गोष्ट इथे परकी नाही. नवरा-बायकोने तसे राहणे मात्र अजून दुर्मिळ आहे, आणि त्याचे कारण लाजेपेक्षा घराच्या मालकीच्या उताऱ्यात जास्त आहे. भावाचा घरात हिस्सा असतो. सुनेचे नाव उताऱ्यावर नसते. घर सासऱ्याचे किंवा आजेसासऱ्याचे असते. अशा घरात पाळीने बाहेर राहायचे ठरले तर बाहेर जाण्याची पाळी नेहमी तिचीच येते. बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या विणकर घरांत आणखी एक अडचण असते: माग घरातच, त्यामुळे कमावणारा माणूस आठवडाभर दुसरीकडे जाऊच शकत नाही. म्हणून ही व्यवस्था मुख्यतः दोघांनी मिळून घेतलेल्या फ्लॅटमध्ये किंवा स्वतः बांधलेल्या घरात जमते.

कायदा तिच्या आड येत नाही. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम १३ ब नुसार परस्पर संमतीच्या घटस्फोटासाठी अर्जाआधी किमान १ वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते. ‘वेगळे राहणे’ म्हणजे पती-पत्नी म्हणून न राहणे. जागा एकच असली तरी चालते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सुरेष्टादेवी खटल्यात स्पष्ट केले. अर्जानंतरची ६ महिन्यांची मुदत योग्य प्रकरणात माफ करता येते, हे २०१७ च्या निकालाने ठरले. मुलांच्या ताब्याबाबत कलम २६ खाली आदेश होतो. ५ वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे असावे, असे १९५६ चा अज्ञानत्व व पालकत्व कायदा सांगतो. दोघांकडे संयुक्त ताबा देण्याची स्पष्ट तरतूद करावी, अशी शिफारस विधी आयोगाने २०१५ च्या २५७ व्या अहवालात केली होती.

घर सासऱ्याच्या नावावर असले तरी सुनेचा तिथे राहण्याचा हक्क असू शकतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यातील ‘सामायिक घर’ या शब्दाचा असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली लावला. मात्र मारहाण, धमकी किंवा पाळत जिथे आहे तिथे वेगळ्या चुलीचा विचारसुद्धा करू नये. मुलांसाठी म्हणून बाईला त्याच छपराखाली थांबवणे हा सल्ला घातक आहे, मग तो कितीही वडीलधाऱ्या माणसाने दिलेला असो. त्याच कायद्याच्या कलम १९ खाली न्यायालय त्या पुरुषालाच घराबाहेर राहायला सांगू शकते.

सीमाभागात या घराला जे वजन येते ते राज्याच्या हद्दीमुळे. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) गेले, पण सोयरिकी महाराष्ट्रातल्या चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूरशी होतच राहिल्या. लग्न मोडले की आई माहेरी जाते, आणि ते माहेर दुसऱ्या राज्यात असते. मुलाची शाळा बदलते, पाठ्यपुस्तके आणि परीक्षा मंडळ बदलते; काल कन्नड विषय शिकणारे पोर आज नव्या वर्गात नवखे ठरते. खटलाही फुटतो. पत्नी राहते तिथे अर्ज करू शकते, तर मुलाच्या ताब्याचा अर्ज मूल सामान्यतः राहते तिथे चालतो. एक दावा कोल्हापुरात आणि एक बेळगावात सुरू झाला, तर एका राज्यातून दुसऱ्या राज्यात तो हलवायला थेट सर्वोच्च न्यायालयात जावे लागते. मुले त्याच घरात राहिली की शाळा, गल्लीतले सवंगडी आणि न्यायालय हे सगळे एका ठिकाणी राहते. सीमेवरच्या कुटुंबाला हा फायदा इतरांपेक्षा खूप मोठा आहे.

अटी जॉइंट मेमोत, म्हणजे दोघांनी सही केलेल्या संयुक्त निवेदनात, लिहून न्यायालयात द्याव्या लागतात. मराठी पालकाने तो कन्नडमध्ये असेल तर सही करण्याआधी ओळ न ओळ समजून घ्यावा. पाळीचे वार, घरकर्जाचा हप्ता, लाइट बिल, गॅस, दुसऱ्याच्या खोलीत न जाणे, नातेवाइकांना परस्पर न बोलावणे, एकाने पुनर्विवाह केला तर काय, हे सारे त्यात हवे. रेशनकार्डही आठवणीने पाहावे: कर्नाटकच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिना २,००० रुपये कार्डावरच्या कुटुंबप्रमुख स्त्रीला मिळतात, आणि ती पुष्कळदा सासू असते. गणपतीत आरतीला कोण उभे राहणार, हेही आधी ठरवलेले बरे. सगळे सुरळीत चाललेल्या घरांतही नेमके त्या दिवसांत पाहुण्यांसमोर बिनसते आणि ते पोरांच्या लक्षात राहते.

मुदत घालून घेतलेली व्यवस्था जास्त टिकते. धाकट्याची दहावी होईपर्यंत, असे सहसा म्हणतात. त्यानंतर घर विकायचे की एकाने दुसऱ्याचा हिस्सा घ्यायचा, आणि कोणत्या दराने, हे मेमोत पहिल्याच दिवशी लिहिलेले असावे.